कापडाचे शब्द आणि आपला हिशेब



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाच, असा आग्रह आपल्या चिटणीसबाईंनी धरला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि हातात लेखणीपेक्षा कात्रीच जास्त वेळ असते. पण आपल्या शिवणवर्गाला मागे जो फटका बसला, तो एका शब्दापायी बसला. म्हणून त्या शब्दाची आणि त्याच्या भावंडांची जन्मकथा सांगावी असे मनात आले.

गोष्ट आठवत असेलच. एका व्यापाऱ्याने दोनशे फ्रॉकांचे काम दिले. दर पस्तीस रुपये, आणि वर म्हणाला, "दर सीएमटीचा आहे बरं, बाई." कट, मेक, ट्रिम, म्हणजे कापणे, शिवणे आणि ट्रिम. आपण समजलो, ट्रिम म्हणजे लोंबते दोरे कातरून साफसफाई. त्याच्या मनातली ट्रिम मात्र बटणे, इलॅस्टिक, लेस आणि रीळ ही होती. सामान त्यानेच पाठवले आणि हिशेबाच्या वेळी फ्रॉकमागे नऊ रुपये कापून घेतले. सात हजारांचे पाच हजार दोनशे हाती आले. आठ जणींची बारा दिवसांची मेहनत! भांडायला गेलो, तर आपल्याजवळ कागदही नव्हता आणि शब्दही नव्हता. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, त्या शब्दाचे दोन्ही अर्थ धंद्यात चालतात.

तेव्हापासून मुलीची शिवणकलेची पुस्तके मी चाळू लागले. त्यात ध्यानात आले की कापडाच्या धंद्यात दर वेळी नवे यंत्र आले, नवा मालक आला, की नवे शब्दही आले. ज्यांना ते उमगले त्यांचे निभावले, बाकीचे मागे पडले.

आपल्या घरचे शब्द आधी घेऊ. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यातच होतो, आणि त्या जिल्ह्यातली मोहाडी, आंधळगाव, पवनी ही गावे कोष्ट्यांच्या मागांसाठी नावाजलेली. माझ्या सासूबाईंच्या पेटीत मोहाडीचे एक लुगडे अजून आहे. माग, ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी, खळ हे सारे त्या घरांतले शब्द. उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. धोटा बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. कोशाच्या करवती लुगड्याला तर तीन धोटे लागतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा. काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवून करवतीच्या दातांसारखी नक्षी उठते. तो कोसा आपल्याच रानातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर होतो, आणि ढिवर समाजाचे लोक त्या किड्यांची राखण करतात. ताणा करणे, कांड्या भरणे ही कामे घरच्या बायका करीत. पण लुगड्याची किंमत ठरे ती विणणाऱ्याच्या नावे. कांडी भरणारीची मजुरी वेगळी कोणी मोजली नाही, कारण त्या मजुरीला नावच नव्हते.

मग गिरणी आली. रेल्वे 1867 साली नागपूरला पोहोचली आणि जमशेटजी टाटांनी तेथे कापडाची गिरणी उभारली. ती सुरू झाली 1 जानेवारी 1877 रोजी. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. गिरणीबरोबर पाळी, खाते, जॉबर, ताका आणि 'सुताचा नंबर' हे शब्द घराघरांत शिरले. नंबरचा हिशेब असा: 840 वारांची एक लड धरायची, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तो सुताचा नंबर. चाळीस नंबर म्हणजे पौंडात चाळीस लडी. म्हणजे नंबर मोठा तितके सूत बारीक. ही गिरणी 2002 साली बंद झाली, पण नंबर अजून दुकानात चालतो. आता त्याच्या जोडीला जीएसएम आला आहे. एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. इथे मात्र आकडा मोठा तितके कापड जाड. नंबरच्या नेमके उलटे! बोलताना घोटाळा होतो तो इथेच.

शिंप्याचे शब्द तर देशोदेशींचे पाहुणे आहेत. अस्तर, पायजमा, गज हे फारसीतून आले. इस्त्री आणि काज पोर्तुगीजांकडून आले. त्यांच्या भाषेत 'काझा' म्हणजे घर. काज म्हणजे बटणाचे घर! मला तर हे वाचून फार गंमत वाटली. आणि आपणही काही नुसते घेतच राहिलो नाही. खाकी आणि पायजमा हे शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेले, कालिकतच्या कापडाला कॅलिको म्हटले, आणि मुंबईच्या डोंगरीवरून जाड्याभरड्या कापडाला डंगरी.

शिलाई यंत्राची कथा मात्र रडवणारी आहे. फ्रान्समधल्या तिमोनिए नावाच्या शिंप्याने 1830 साली यंत्राचा हक्क मिळवला आणि पॅरिसमध्ये सैन्याचे कपडे शिवायला सुरुवात केली. दुसऱ्याच वर्षी पोट जाईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी ती यंत्रे फोडून टाकली. पण यंत्र काही थांबले नाही. 1846 साली होवे आणि 1851 साली सिंगर यांनी अमेरिकेत आपापल्या यंत्रांचे हक्क घेतले. पुढे 1861 ते 1865 च्या अमेरिकेतील यादवी युद्धात लाखो शिपायांचे गणवेश शिवावे लागले. तेव्हा शिपायांची मापे गोळा झाली आणि पुरुषांच्या तयार कपड्यांचे ठरीव साइज त्यातून पुढे आले. पूर्वी शिंपी माणसाचे माप घेई. आता माणूसच मापात बसतो की नाही ते पाहावे लागते!

आजच्या कारखान्यांचे शब्द याच वंशातले. एफओबी हा मुळात बंदरावरचा शब्द, माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा, असा त्याचा अर्थ. कपड्यांच्या धंद्यात आता कापड, सामान, शिलाई सगळे आपलेच, असा दर सांगायला तो वापरतात. जॉबवर्क म्हणजे कापड त्यांचे, मजुरी आपली. एमओक्यू म्हणजे कमीत कमी किती नग घ्यायचे ते. टेक पॅक म्हणजे मापे, शिवण, बटणे सारे लिहिलेला कागद. टॉलरन्स म्हणजे माप किती इकडेतिकडे झालेले चालेल ते. पाव इंचाची मुभा असेल तर अर्ध्या इंचाला माल परत येतो.

भगिनींनो, यात अवघड काय आहे? करवती काठाचे तीन धोटे सांभाळणाऱ्या बायकांच्या मुलखातल्या आपण! तेव्हा पुढचे काम घेताना मंडळाने चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. कापड कोणाचे? दोरा, बटणे, इलॅस्टिक कोणाचे? नापास मालाचे नुकसान कोणी सोसायचे? पैसे किती दिवसांत? आणि समोरच्याने कळत नाही असा शब्द उच्चारला, तर न लाजता विचारावे, "म्हणजे काय, भाऊ?" हे तीन शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून निघाले असते, तर आपले अठराशे रुपये वाचले असते.

लिहिण्यात काही चुकले असेल तर थोरामोठ्या बायकांनी सांभाळून घ्यावे. मंडळाची अशीच भरभराट होवो.