दायमाबादचा वाटाणा

दायमाबादचं नाव निघालं की लोकांना १९७४ साली सापडलेला ब्राँझचा रथ आठवतो, हत्ती नि गेंडा आठवतात. मला आठवतो तिथला वाटाणा. प्रवरेकाठच्या या टेकाडावर १९५८ ते १९७९ या काळात तीनदा उत्खनन झालं. अगदी तळाच्या, सावळदा संस्कृतीच्या थरात जव आणि मसुरीसोबत वाटाण्याचेही करपलेले दाणे निघाले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे! धड दाणा माणसं खातात, नाहीतर किडे. जळून कोळसा झालेला तेवढा मातीत टिकतो. त्या करपलेल्या दाण्यांमुळेच आपल्या नगर जिल्ह्यातल्या वाटाण्याचं वय कळलं.

मुळात तो पश्चिम आशियातला, थंडीवर वाढणारा. इथं तो रब्बीत रुळला आणि वाळवून उसळीला आला. भाषेतही इतका मुरला की नकार द्यायचा तर आपण वाटाण्याच्याच अक्षता लावतो.

हिरवा, गोड मटार ही मात्र त्या मानानं अलीकडची गोष्ट. त्याचं वाळलेलं बी हातात घेऊन बघा, सुरकुतलेलं असतं. त्यात साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर कमी होतं, म्हणून कोवळा दाणा गोड लागतो आणि वाळताना जास्त आक्रसतो. मेंडेलनं १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचीच पिढ्यान्‌पिढ्या मोजदाद केली. आपल्याकडं घरोघर लावतात ते अर्केल युरोपातून आलं, बोनव्हिल अमेरिकेतून. दोन्हींचं बी सुरकुतलेलं.

परसात लावायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपली काळी माती पाणी धरते, त्यात बी कुजतं. म्हणून गादीवाफा करावा. वेल वीतभर झाला की तुराट्या रोवाव्यात. पानाच्या टोकाचे ताणे बारीक काडीला झटकन विळखा घालतात, जाड बांबू त्यांना पेलत नाही. युरिया घालू नका, मुळांवरच्या गाठी नत्राची सोय करतात. ऊन तापू लागलं की फुलं गळतात, भुरी येते. तोवर तोडणी उरकलेली बरी.

मला खरी काळजी आहे ती बियाण्याची. पाकिटातलं गुलाबी औषध चोळलेलं बी आपण दरवर्षी विकत आणतो. वास्तविक मटाराचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत फळतं. त्यामुळं घरचं बी सहसा भेसळत नाही. ते राखण्याइतकं सोपं काम परसबागेत दुसरं नाही. याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचं आणि कितीतरी गावठी भाज्यांचं बियाणं जपलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दायमाबादच्या घरांतही कुणीतरी पुढच्या पेऱ्यासाठी मूठभर दाणे बाजूला काढतच असणार.

यंदा दोन निरोगी वेलांच्या शेंगा तोडू नका. वेलावरच खडखडीत वाळू द्या, सोला आणि राखेत घोळून बरणीत ठेवा.