चुकून गहू पोटात गेला अन् डोकं सुन्न झालं? गव्हाचं पथ्य असणाऱ्यांनी पुढचे दोन-तीन दिवस कसे काढावेत

लग्नाच्या पंगतीत भात, भाजी, आमटी एवढंच घेतलं. पोळीला हातही लावला नाही. तरी संध्याकाळी पोट फुगलं आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड. विहिरीवरची मोटार बंद केली की नाही आठवेना, दूध डेअरीचा हिशेब तीनदा वाचूनही लागेना. घरचे म्हणतात, जागरण झालं असेल. सीलिएक आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत कारण वेगळं असू शकतं. त्याच्या पोटात नकळत गहू गेलेला असतो.

नेमकं काय होतं?

गहू आणि सातू या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळेच. सीलिएकच्या रुग्णात ग्लुटेन गेलं की शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. काही तासांतच रक्तात दाह वाढवणारे घटक वाढतात. त्यामुळे त्रास फक्त पोटापुरता राहत नाही. थकवा येतो, डोकं दुखतं, शब्द आठवत नाहीत, लक्ष लागत नाही. याला डॉक्टर ‘ब्रेन फॉग’ म्हणतात, म्हणजे डोक्यात धुकं दाटल्यासारखं होणं. हा आळस नाही आणि नाटकही नाही. बहुतेकांचा त्रास काही दिवसांत ओसरतो.

त्या दिवसांत काय करावं?

- धुकं लगेच घालवणारी गोळी नाही. मुद्दाम उलटी काढू नये, जुलाबाचं औषध घेऊ नये.
- पाणी भरपूर प्यावं. जुलाब होत असतील तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात मिसळून थोडं थोडं घ्यावं.
- मऊ भात, मुगाचं वरण, केळं, नाचणीची आंबील असं साधं खावं. दूध सोसत नसेल तर तेवढे दिवस बंद ठेवावं. उपाशी राहू नये.
- झोप पूर्ण घ्यावी. कामं कागदावर लिहून ठेवावीत, एका वेळी एकच हातात घ्यावं.
- घरात स्पष्ट सांगावं, ‘आज माझं डोकं ठिकाणावर नाही, एवढं तुम्ही बघा.’

ही कामं त्या दिवशी टाळा

शेतकऱ्यासाठी खरा धोका इथं आहे. ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी, मळणी यंत्र यांना हात लावू नये. मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडू नये. फवारणीच्या औषधाचं माप चुकलं तर पीकही जातं आणि जीवही धोक्यात येतो. बँकेचे कागद, व्यवहाराच्या सह्या, मोबाईलवरून मोठी रक्कम पाठवणं दोन दिवस पुढं ढकलावं. इन्सुलिन किंवा दुसरं रोजचं औषध घेताना घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवावं.

गहू गेला कुठून?

डोकं हलकं झालं की आदल्या दोन दिवसांत काय काय खाल्लं ते लिहून काढावं. नेहमी सापडणाऱ्या जागा या:

- गिरणी: गहू दळल्यावर त्याच जात्यात ज्वारी पडली की पीठ मिसळतं. गिरणी साफ करून पहिलं दळण घेतलं तर प्रमाण कमी होतं, पण खात्री नसते. गहू कधीच न घातलेली घरघंटी किंवा दगडी जातं सगळ्यात चांगलं.
- भाकरी: पिठाची विरी गेली की काही जण मूठभर गव्हाचं पीठ मिसळतात. बाहेर जेवताना हे विचारावंच.
- हिंग: डबीतल्या अनेक हिंगांत मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. डबीवर वाचून घ्यावं.
- तळण: ज्या तेलात कुरडया किंवा पुऱ्या तळल्या, त्यातच साबुदाण्याच्या पापड्या तळल्या तर त्याही चालत नाहीत.
- इतर: मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस, माल्ट घातलेली दुधाची पावडर, बिअर.

खपली गहू, रवा, मैदा, दलिया, शेवया हा सगळा गहूच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा यांत ग्लुटेन नाही, फक्त त्यांत गहू मिसळलेला नसावा. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ छापायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा भारतातला नियम आहे.

प्रत्येक वेळी गव्हाला दोष देऊ नका

एकदम तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर तो लकवा असू शकतो. लगेच 108 ला फोन करावा. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, धूसर दिसणं असेल तर विषबाधा समजून औषधाच्या बाटलीसह दवाखाना गाठावा. पथ्य नीट पाळूनही डोकं आठवड्यापेक्षा जास्त जड राहिलं तर रक्तातलं लोह, बी-12, थायरॉईड आणि साखर तपासून घ्यावी. सीलिएकच्या रुग्णांत लोह आणि बी-12 कमी असणं नेहमीचं आहे.

तपासणी आधी, पथ्य नंतर

फक्त संशय असेल तर मनानं गहू बंद करू नये. गहू सोडल्यावर तपासणी खोटी निघू शकते. आधी टीटीजी नावाची रक्ततपासणी होते, मग गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. आजार पक्का झाला की पथ्य जन्मभराचं. रक्ताच्या नात्यात हा आजार येऊ शकतो, त्यामुळे मुलं, भाऊ-बहिणी, आई-वडील यांचीही तपासणी करावी.

पंगतीत ‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय’ हा आग्रह प्रेमापोटी असतो. पण अशा पाहुण्याला आग्रह नकोच. पोळ्या-पुऱ्या वाढायला घेण्याआधी त्याचं ताट वेगळ्या पळीनं वाढून दिलं, तरी त्याचे पुढचे तीन दिवस वाचतात.