अडलं तेव्हा फोन कुणाला केला? प्राध्यापकांच्या डिजिटल प्रशिक्षणाचा इतिहास शोधताना

पेटची तयारी करणारे किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात: विषय तर ठरला, आता साहित्य कुठून गोळा करायचं? आज त्याचं उत्तर माझ्या स्वतःच्या कामातल्या एका चुकीवरून देते.

माझा विषय थोडक्यात असा: मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतल्या प्राध्यापकांना संगणक, इंटरनेट आणि पुढे आलेली सगळी डिजिटल साधनं वापरायला कोणी, कधी आणि कसं शिकवलं? अभ्यासक्षेत्र म्हणून मी मीरा-भाईंदर निवडलं. खरं सांगायचं तर मी इथेच राहते, हे पहिलं कारण. पण गाइडसमोर ते चालत नाही, म्हणून दुसरं शोधावं लागलं आणि ते पहिल्यापेक्षा भक्कम निघालं.

मीरा-भाईंदर हे उशिरा वाढलेलं शहर. 1985 मध्ये इथे नगरपरिषद झाली आणि 28 फेब्रुवारी 2002 ला महापालिका. लोकल ट्रेनच्या आधाराने वस्ती वाढली, आणि वस्तीमागून कॉलेजं आली. राज्यात तोपर्यंत नव्या कॉलेजांना अनुदान देण्याचे दिवस संपत आले होते. ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्द रूढ झाला होता. त्यामुळे अशा शहरांत तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक मोठ्या प्रमाणात दिसतो. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधला वेळ ट्रेनमध्ये. प्रशिक्षणाचा इतिहास लिहिताना हा माणूस कुठे सापडतो, हे बघायला यापेक्षा चांगली जागा नाही.

माझी चूक

पहिले काही महिने मी प्रमाणपत्रं मोजली. कॉलेजांना नॅकसाठी दरवर्षी गुणवत्ता अहवाल द्यावा लागतो आणि बरेचसे अहवाल कॉलेजच्या संकेतस्थळावर असतात. त्यात सहावा निकष प्रशासनाचा; त्याच्याच एका भागात किती शिक्षकांनी ओरिएंटेशन, रिफ्रेशर किंवा फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम केला याची यादी येते. आकडे तयार, तक्ता तयार. मला वाटलं, निम्मा प्रबंध झाला!

मग एका प्राध्यापिकेची मुलाखत घ्यायला गेले. त्यांनी फाइल उघडून प्रमाणपत्रं दाखवली, मी तारखा उतरवून घेतल्या. तासाभरात सगळं आटोपलं. मी वही मिटत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे दुसऱ्या कॉलेजातला त्यांचा सहकारी होता. गुण भरलेली शीट अपलोड होत नव्हती. बाईंनी दहा मिनिटं फोनवरच एकेक पायरी सांगून ते काम करून दिलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, चला, तुमचं झालं ना सगळं?

झालं नव्हतंच. जे शोधायला गेले होते ते वही मिटल्यावर घडलं होतं आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात असणार नव्हती. त्या दिवसापासून मी ‘प्रशिक्षण’ आणि ‘आधार’ हे दोन शब्द वेगळे लिहायला लागले. प्रशिक्षणाचा कागद उरतो. आधाराचा सहसा उरत नाही. हा फरक डोक्यात ठेवून मागचा इतिहास वाचला तर तो बराच वेगळा दिसतो.

टीव्ही ते संगणक: शिक्षक कुठे होता?

सुरुवात टीव्हीपासून करू. 15 ऑगस्ट 1984 ला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केला. इन्सॅट-1बी उपग्रह नुकताच कामाला लागला होता. कार्यक्रम बनवायला काही विद्यापीठांत माध्यम केंद्रं उभी राहिली, त्यात पुणे विद्यापीठाचं केंद्रही होतं. लहान गावातल्या विद्यार्थ्यापर्यंत चांगला विषय पोचावा, हा हेतू. पण वर्गातल्या शिक्षकाचं यात काम काय? टीव्ही लावायचा आणि बघायचा. साधन आलं, पण ते आपल्या शिकवण्यात कसं बसवायचं हा प्रश्न शिक्षकाला कोणी विचारला नाही.

शिक्षकाकडे थेट लक्ष गेलं ते 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर. आयोगाने विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. नव्या प्राध्यापकासाठी ओरिएंटेशन, जुन्यासाठी रिफ्रेशर, तेही काही आठवड्यांचे, पूर्ण वेळ. मुंबई विद्यापीठातही असं केंद्र झालं. पुढे या कोर्सेसमध्ये संगणकाचे तास आले.

इथे शोधकामासाठी एक सूचना. या केंद्रांचं नाव 2015 मध्ये मानव संसाधन विकास केंद्र झालं आणि 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. एकच संस्था, तीन नावं. एकाच नावाने शोधलंत तर दोन कालखंड हातातून निसटतील.

आता या कोर्सेसची मेख. ते पदोन्नतीशी, म्हणजे करिअर अॅडव्हान्समेंट योजनेशी जोडलेले होते. हे जोडल्यामुळेच हजारो प्राध्यापक आले, हे खरं. पण ज्याला पदोन्नतीच नाही त्याचं काय? तासिका तत्त्वावरच्या माणसाने तीन आठवडे रजा काढली तर तीन आठवड्यांचे पैसे बुडणार. नियमाने त्याला बाहेर काढलं असो वा नसो, हिशोबाने तो बाहेरच राहिला. नॅकच्या यादीत तो मला का दिसत नव्हता, ते इथे कळलं.

महाराष्ट्रात याच्या जोडीला आणखी एक धागा आहे. 2001 मध्ये शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा कोर्स गल्लोगल्लीच्या केंद्रांत पोचला. सरकारी नोकरीसाठी तो लागायला लागला, त्यामुळे घराघरात कोणी ना कोणी तो केला. माउस धरणं, मराठी टायपिंग, एक्सेलचा तक्ता हे त्यातून आलं. पण त्यातून वर्ग कसा घ्यायचा ते येत नव्हतं, आणि तो त्या कोर्सचा उद्देशही नव्हता.

पवईचा प्रयोग

2009 मध्ये केंद्र सरकारने माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. त्याखाली आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प आकाराला आला. तो मुख्यतः अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी होता, म्हणजे माझ्या कला-वाणिज्यच्या कॉलेजांपासून तसा लांबचा. तरी मी त्याच्याकडे परत परत जाते, कारण त्याची रचना.

व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित व्हायचं आणि देशभरच्या कॉलेजांतल्या दूरस्थ केंद्रांवर एकाच वेळी शेकडो शिक्षक ते ऐकायचे. दुतर्फी संवादासाठी अमृता विद्यापीठाने तयार केलेली ए-व्ह्यू ही प्रणाली वापरली जायची. इथपर्यंत ही 1984 च्या टीव्हीचीच सुधारित आवृत्ती वाटेल. पण मुख्य कार्यशाळेच्या आधी प्रत्येक केंद्राचा समन्वयक आयआयटीत येऊन स्वतः शिकून जायचा. प्रात्यक्षिकं आणि ट्युटोरियल त्याच्या देखरेखीखाली त्याच्या केंद्रावर व्हायची. अडलं की विचारायला त्याच खोलीत माणूस होता, आणि कार्यशाळा संपल्यावरही तो त्याच परिसरात राहणार होता.

आयआयटी मुंबईचाच ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा दुसरा उपक्रम, प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे ध्वनिचित्र-पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. यात पाठ प्रसिद्ध होण्याआधी तो विषय न येणाऱ्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. शिकणारा नेमका कुठे अडकेल, याचा विचार आधीच केलेला. मला हे आधाराचं रूप वाटतं, फक्त ते पाठातच शिवलेलं आहे.

2017: जेव्हा साधन आधी आलं

आता मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या प्रत्येक घराला आठवणारं वर्ष. 2017 च्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असं विद्यापीठाने ठरवलं. अभियांत्रिकीत ही पद्धत आधी वापरली गेली होती. पण आता एकदम सगळ्या शाखा आल्या: 477 परीक्षा, 17 लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. त्यातही निर्णय परीक्षांच्या तोंडावर झालेला.

उत्तरपत्रिका स्कॅन व्हायला वेळ लागला, तपासणी उशिरा सुरू झाली, चुकीच्या विषयाची उत्तरपत्रिका समोर येत असल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येत राहिल्या. राज्यपाल म्हणजेच कुलपतींनी 31 जुलैची मुदत दिली; ती पाळता आली नाही. तपासणीसाठी काही दिवस वर्ग बंद ठेवावे लागले, राज्यातल्या इतर विद्यापीठांच्या प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. परीक्षा दिलेली असूनही गैरहजर दाखवलेली मुलं, हुकलेले पुढचे प्रवेश, पुनर्मूल्यांकनाचे ढीगभर अर्ज. शेवटी 24 ऑक्टोबर 2017 ला कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. विद्यापीठाच्या 160 वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

या प्रकरणावर भरपूर लिहिलं गेलंय. निविदा, कंत्राट, सर्व्हर, जबाबदारी कोणाची. मी ते सगळं वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली: बातम्यांत प्राध्यापक एक तर ‘असहकार करणारा’ असतो किंवा ‘हैराण झालेला’. वर्षानुवर्षं लाल पेनाने कागद तपासलेल्या माणसाला पडद्यावर तेच काम करायला नेमकं काय लागतं, हा प्रश्न फारसा दिसत नाही. कागदावर तो पान मागे उलटून बघतो, आधीच्या गठ्ठ्याशी तुलना करतो, शेजारच्या परीक्षकाला विचारतो. पडद्यावर यातलं काय उरतं? डेमो पाहून हे कळत नाही. त्यासाठी चुकायला मोकळा वेळ आणि शेजारी जाणकार लागतो, आणि त्या उन्हाळ्यात वेळच नव्हता.

2020: जवळचा माणूस

तीन वर्षांनी टाळेबंदी आली. मार्च 2020 मध्ये वर्ग एका रात्रीत फोनवर गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 ऑगस्टच्या निकालानंतर अंतिम वर्षाच्या परीक्षा घेणं आवश्यक झालं. मुंबई विद्यापीठाने त्या ऑनलाइन, बहुपर्यायी पद्धतीने घेतल्या आणि त्यासाठी कॉलेजांचे गट केले. प्रत्येक गटाला एक प्रमुख कॉलेज.

अडचणी तेव्हाही आल्या, त्या नाकारायच्या नाहीत. पण अभ्यासक म्हणून मला इथे रचनेतला फरक दिसतो. 2017 मध्ये काम एका केंद्रातून खाली येत होतं. 2020 मध्ये त्यातला बराचसा भाग गटाकडे होता. प्रश्न पडला तर विचारायला त्याच गटातलं कॉलेज. या फरकामुळेच निकाल वेगळा लागला, असं मी आत्ता म्हणणार नाही. परीक्षेचा प्रकार वेगळा होता, काळ वेगळा होता, आणि एवढ्या दोन उदाहरणांवर कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण पुढचा प्रश्न विचारायला एवढं पुरेसं आहे.

मग साहित्य कुठून गोळा करायचं?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. शासन निर्णय, आयोगाचे वार्षिक अहवाल, नॅकचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रं हे सगळं वाचाच. पण प्रत्येक कागदाला विचारा: हा कोणासाठी लिहिला गेला? नॅकचा अहवाल गुण मिळवण्यासाठी लिहितात, म्हणून त्यात मोजता येणाऱ्या गोष्टी येतात. ज्याला मोजण्याचा रकाना नाही, ती गोष्ट घडलीच नाही असं समजू नका.

मी आता मुलाखतीतला पहिला प्रश्न बदललाय. ‘तुम्ही कोणतं प्रशिक्षण घेतलं?’ असं विचारलं की समोरचा फाइल उघडतो. ‘अडलं तेव्हा फोन कुणाला केला?’ असं विचारलं की तो थांबतो, आठवतो आणि मग बोलायला लागतो. कोणी लॅब असिस्टंटचं नाव घेतं, कोणी स्वतःच्या मुलीचं, कोणी नुकत्याच लागलेल्या तासिका तत्त्वावरच्या मुलाचं. ही नावं प्रबंधात येणार नाहीत, संमतीशिवाय तर नाहीच. पण नातं येईल: कोण कोणाला, कुठल्या वेळी, कशाच्या मोबदल्यात शिकवत होतं. मोबदला बहुतेक वेळा शून्य.

यातली बोच लक्षात घ्या. ज्याला स्वतःला प्रशिक्षणाची रजा परवडत नाही, तोच अनेकदा स्टाफरूममध्ये बाकीच्यांचा आधार असतो. उद्या त्याचं कंत्राट वाढलं नाही तर कॉलेज फक्त एक शिक्षक गमावत नाही, आपली सगळी न लिहिलेली व्यवस्था गमावतं. आणि अहवालात काहीच बदललेलं दिसत नाही.

तुमचा विषय वेगळा असेल: आरोग्यसेविका, बँकेतले कारकून, शाळा, ग्रामपंचायत. तिथेही एक रजिस्टर असेल आणि रजिस्टरबाहेर कोणीतरी असेल. आराखडा लिहायला बसण्याआधी एका कागदावर दोन रकाने पाडा: माझ्या विषयात कशाची नोंद राहते आणि कशाची राहत नाही. दुसरा रकाना भरायला जड जाईल. पण बहुतेकदा प्रबंधाचा प्रश्न तिथेच सापडतो. मला तो एका फोनकॉलने दाखवला, तेही वही मिटल्यावर. तुम्ही वही जरा उशिरा मिटा, एवढंच.