छतावरील कवडसा आणि 'मुंबई वेळ' : उपनगरांच्या संदर्भात

खिडकीच्या कट्ट्यावर आडवा बसविलेला लहानसा आरसा उन्हाचा कवडसा छतावर फेकतो आणि सूर्य पश्चिमेकडे सरकतो तसा हा कवडसा पूर्वेकडे सरकतो. या तत्त्वावरील परावर्तित सूर्यघड्याळे सतराव्या शतकात युरोपात विशेष प्रचारात आली. रोममधील त्रिनिता देई मोंती मठात इमान्युएल मेञाँ याने १६३७ मध्ये असे घड्याळ रेखाटले, तर ग्रनोबल येथे जेझुइट शिक्षक बोनफा याने १६७३ मध्ये एका जिन्याच्या भिंती व छत त्यासाठी वापरले. मुंबईच्या उपनगरात हाच प्रयोग केल्यास मात्र एक निराळाच ऐतिहासिक प्रश्न छतावर उभा राहतो : माध्यान्ह कोणता मानावयाचा?

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे; मुंबई सुमारे ७२.८५ अंशांवर. त्यामुळे येथील मध्यम सूर्य घड्याळाच्या बारानंतर सुमारे ३९ मिनिटांनी मध्यावर येतो. हे अंतर केवळ गणिती नव्हते. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकिर्दीत १८८१ मध्ये मद्रास वेळ लागू करण्याचा प्रयत्न झाला. लोकविरोधामुळे १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनी निदर्शने केली, कारण भोंगा तोच राहिला तरी कामगाराला उन्हाच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी घर सोडावे लागणार होते. त्याच वर्षी महानगरपालिकेने 'मुंबई वेळ' कायम ठेवण्याचा ठराव केला आणि ती वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली. या वादाकडे गमतीचा किस्सा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती योग्य वाटत नाही.

उपनगरांची स्थिती याहून चमत्कारिक होती. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये पालिकेच्या हद्दीत आले. म्हणजे १९०६ चा ठराव झाला तेव्हा साष्टीतील ही गावे त्याच्या कक्षेबाहेर होती. त्यांच्या स्थानकांवरून धावणाऱ्या गाड्या आधी मद्रास वेळेवर आणि १९०५ पासून प्रमाणवेळेवर चालत. गाडी एका वेळेने गाठावयाची आणि शहरात उतरून दुसऱ्या वेळेला सामोरे जावयाचे, असा हा व्यवहार होता.

आता प्रत्यक्ष रचनेविषयी. आरशावर काळा कागद लावून एक सेंटिमीटर व्यासाचे गोल छिद्र ठेवावे व पाणसळीने तो समतल बसवावा. आरसा एक अंश कलला तर किरण दोन अंश सरकतो, आणि तेवढे सरकण्यास सूर्याला आठ मिनिटे लागतात. खिडकी दक्षिणेची हवी. येथे युरोपीय नमुने जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. मुंबईत विषुवदिनी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७१ अंश उंच असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर तो माथ्याच्या उत्तरेला जातो. आरशाच्या वर १.२ मीटर उंचीवर छज्जा असून त्याची कडा आरशापासून ८३ सेंटिमीटर पुढे असेल, तर ५५ अंशांपेक्षा उंच सूर्याचे किरण अडतात. अशा खोलीत माध्यान्हीचा कवडसा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच मिळतो. डिसेंबरअखेरीस, छत आरशापासून दोन मीटर उंच असल्यास, तो आरशाच्या बरोबर वरच्या बिंदूपासून सुमारे १.८ मीटर उत्तरेस पडतो.

नेमक्या याच तीन महिन्यांत दृश्य सूर्य आणि मध्यम सूर्य यांतील फरक सर्वाधिक बदलतो. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य सुमारे १२ वाजून २२ मिनिटांनी मध्यावर येतो, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ५३ मिनिटांनी. म्हणून हातातील घड्याळ पाहून रोज साडेबाराला खूण केली तर त्या खुणांची सरळ रेषा होत नाही. त्यांचा वाकलेला माग तयार होतो. सूर्याच्या माध्यान्हीची रेषा मात्र सरळ उत्तर-दक्षिण राहते. दोन्ही छतावर काढाव्यात आणि वाकलेल्या मागावर तारखा लिहाव्यात.