मोटारीतला दधीची

दिवाळीची साफसफाई हा घराघरांतल्या इतिहाससंशोधनाचा हंगाम असतो. माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, तिच्यातून आजोबांचा एका काडीचा चष्मा निघतो, कुणाच्या तरी मुंजीची यादी निघते, आणि जळमटे काढायला चढलेला माणूस तासभर तिथेच वाचत बसतो. दोन वर्षांमागे आमच्या धाराशिवात एका स्नेह्यांच्या जुन्या वाड्यात अशीच साफसफाई निघाली. ढाळजेला लागून त्यांचा गोठा. गुरे जाऊन कितीतरी वर्षे झालेली, पण कडब्याच्या पेंड्या तशाच रचलेल्या. त्या ओढता ओढता मागून एक गोल, धुळीने माखलेले नाक बाहेर आले. त्यामागे दोन दिवे आणि दोनच दारे. घरातली मुले ओरडली, "उंदीर!"

मुलांचे चुकले नव्हते. ती फियाट कंपनीची 'टोपोलिनो' होती, आणि इटालियन भाषेत टोपोलिनो म्हणजे उंदराचे पिल्लूच. इंजिन ५६९ सी.सी.चे, म्हणजे आजच्या काही मोटारसायकलींपेक्षाही लहान. पुढे दोघांनी बसावे, मागे पिशव्या ठेवाव्यात. अशा दोन दारांच्या आटोपशीर गाडीला कूपे म्हणतात. रेल्वेच्या पहिल्या वर्गातला दोघांचा कूपे आपण ऐकलेला असतो, तोच हा शब्द. मुळात फ्रेंच, अर्थ 'कापलेला'. मोठ्या बग्गीचा पुढचा भाग कापून दोघांपुरती बग्गी केली, तेव्हापासून हे नाव पडले.

मालकांना हौस आली. गाडी पुन्हा चालती करायची! गावातले एक वृद्ध मिस्त्री बोलावले. त्यांनी बोनेट उघडले, आत बराच वेळ पाहिले, हात पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, हिला उठवायचं तर दुसरी एक मारावी लागंल."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. मी शाळेत इतिहास शिकवतो. इतिहासात एकाला उठवण्यासाठी दुसऱ्याला मारण्याची उदाहरणे थोडी नाहीत, पण मोटारीच्या बाबतीत हा विचार कधी मनात आला नव्हता. मग आपल्या भागात मोटारी आल्या कशा आणि गेल्या कुठे, ते मी शोधू लागलो.

आपला जिल्हा निजामाच्या राज्यातला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले, आणि २०२३ साली जुने नाव सरकारी कागदांवर परत आले. जिल्ह्याचा मोठा भाग 'सर्फेखास'मध्ये मोडे. सर्फेखास म्हणजे निजामांची खाजगी जहागीर. तिचा सारा राज्याच्या तिजोरीत न जाता निजामांच्या खाजगी खजिन्यात जाई. आमच्या कुणब्याने ज्वारी विकून भरलेला रुपया हैदराबादेत एका माणसाच्या पेटीत पडे. तेव्हा त्या पेटीतून जी वैभवे विकत घेतली गेली, त्यांच्याविषयी चौकशी करण्याचा आपल्याला थोडा हक्क आहे.

त्या वैभवांत मोटारींचा मान मोठा. १९११ साली सहावे निजाम महबूब अली खान यांनी विलायतेत रोल्स-रॉईस मागवली. गाडी येण्याआधीच, त्याच वर्षी ते वारले, आणि ती आली ती मुलाच्या राज्यात. रंग पिवळा, छप्पर घुमटासारखे, आणि मागे सिंहासनासारखी उंच बैठक. ही गाडी प्रवासासाठी नव्हतीच. मिरवण्यासाठी होती. सारे आयुष्य धरले तरी ती काही शेकडा मैलच धावली. आज ती दुरुस्त होऊन हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे, आणि लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

पण तिच्या बहिणींचे काय झाले? सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. सोलापूरकडून निघालेल्या फौजेने पहिल्याच दिवशी आमचे नळदुर्ग घेतले, आणि पाच दिवसांत निजामी संपली. पुढच्या वर्षी सर्फेखासही सरकारजमा झाला. उस्मान अली खान १९६७ च्या फेब्रुवारीत वारले आणि नातू मुकर्रम जाह गादीवर बसले. तेव्हाची मोटारखान्याची स्थिती इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. पेट्रोल आणि सुटे भाग यांवर साठ मोटारींचा खर्च पडत होता, आणि त्यांपैकी चालू स्थितीत होत्या चार! नव्या निजामांना राज्यारोहणानंतर घेऊन जाणारी गाडीसुद्धा मध्येच बंद पडली. विशेष म्हणजे मुकर्रम जाह यांना स्वतः यंत्रे खोलून पाहण्याचा नाद होता. पण एका माणसाच्या हौसेने साठ गाड्या उठत नसतात.

का उठत नाहीत? पैसा नव्हता म्हणावे, तर तो पुष्कळ होता. खरे कारण त्या गाड्यांच्या घडणीत आहे. त्या काळी रोल्स-रॉईससारखा कारखाना फक्त सांगाडा आणि इंजिन विकत असे. वरची काया दुसरे कारागीर गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे बांधत. निजामांच्या त्या पिवळ्या गाडीची काया लंडनच्या बार्कर मंडळींनी बांधली होती. लाकडाची चौकट, तिच्यावर हाताने ठोकलेला पत्रा, आत भरजरी काम. अशी गाडी जगात एकच, आणि तेच तिचे भूषण. पण त्याच भूषणामुळे ती आजारी पडली की तिला रक्ताचे नातेवाईक सापडत नाहीत. तिच्या दाराची कडी मोडली, तर जगात दुसरी तशी कडी नाही. नवी घडवावी लागते. राजाच्या गाडीला प्रजा नसते, म्हणून ती काचेआड उभी राहते किंवा मोडीत जाते. वापरात राहिलेल्या अपवादात्मक गाड्या आहेत. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात निघते, आणि ती निघते म्हणूनच जिवंत आहे. परंतु असा नेम पाळणारी घराणी किती?

आता दुसरीकडे पाहू. आमच्यापासून दीड तासाच्या वाटेवरच्या सोलापुरात १८८२ साली वालचंद हिराचंद जन्मले. आगबोटी आणि विमानांच्या उद्योगांत हात घातलेल्या या पुरुषाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९४७ मध्ये मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. आरंभी अमेरिकन मोटारी जोडल्या जात. मग फियाटशी करार झाला आणि पन्नाशीच्या आरंभी टोपोलिनो जोडली जाऊ लागली. आमच्या गोठ्यातली बाई त्याच माहेरची. १९५४ पासून आली ती ११०० सी.सी.ची मिलेचेंतो. तिचे नाक पाहून आपल्या लोकांनी तिचे बारसे 'डुक्कर फियाट' असे केले, आणि इटलीने दिलेले नाव कायमचे पुसून टाकले.

याच सुमारास सरकारने ठरवले, की देशात सुटे भाग तयार करण्याचा कार्यक्रम जी कंपनी हाती घेईल, तिनेच मोटारी बनवाव्यात. नुसती जोडणी करणाऱ्यांना वाव राहिला नाही. १९२८ पासून शिवडीत मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. धोरण देशाच्या हिताचे होते. पण ज्यांच्या दारात फोर्ड किंवा शेव्हरोलेट उभी होती, त्यांनी भाग आणावेत कुठून? परदेशी मालावर निर्बंध, परवाना मिळणे दुरापास्त. येडशीवरून जाणाऱ्या बार्शी लाइटच्या चिमुकल्या आगगाडीतून आमच्या भागात काय येणार? विलायती क्रँक तर नक्कीच नाही.

तेव्हा उभी राहिली ती मिस्त्रींची विद्या. तिची शाळा नाही, पाठ्यपुस्तक नाही. एकीचे पिस्टन दुसरीत, ट्रकचे बेअरिंग कातून मोटारीत, सायकलच्या ट्यूबचे वायसर. आणि या विद्येचे भांडार म्हणजे भंगाराचे बाजार. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, आणि कुर्ल्याचा मोटारींचा भंगार बाजार. योगायोग पाहा, ज्या कुर्ल्यात फियाट जन्माला येई, त्याच कुर्ल्यात तिचे तुकडेही होत. आपण भंगारवाल्याला मोटारींचा यम समजतो. तो खरा त्यांचा कोठावळा आहे. हजारो गाड्या एकाच साच्याच्या निघाल्या, म्हणून एकीचे हाड दुसरीला बसते. डुक्कर फियाटीची पुढची वंशज प्रीमियर पद्मिनी शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली, आणि तिचे इंजिनही १०८९ सी.सी.चेच. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. वर्तमानपत्रांनी हळहळ छापली, पण त्या मोडीत गेलेल्या टॅक्सींची हाडे आजही कुणाच्या तरी अंगात फिरत असतील.

पुराणात दधीची ऋषींनी वज्र घडवण्यासाठी आपली हाडे इंद्राला दिली. वृत्राला मारल्याची कीर्ती इंद्राची झाली. दधीचींना निदान पुराणकारांनी नाव ठेवले. मोटारीतल्या दधीचीला नावही नसते.

आमच्या टोपोलिनोला दधीची मिळायला सात महिने लागले, कारण ही जात आता दुर्मिळ. शेवटी मुंबईच्या एका उपनगरातून एक सापडली. ती टेंपोतून गोठ्यापुढे उतरली, तेव्हा दोन हवामानांचा धडाच समोर उभा राहिला. आमची हवा कोरडी. इथल्या गाडीचा पत्रा ठणठणीत, पण रबर सगळे कडक होऊन फुटलेले, वायरी उंदरांनी खाल्लेल्या आणि इंजिन जाम. प्लग काढून सिलिंडरांत रॉकेल आणि तेल ओतले, पंधरा दिवस थांबले, हँडल मारून पाहिले. इंजिन तसूभरही हलले नाही. मुंबईच्या गाडीचे उलट. इंजिन हाताने फिरत होते, गिअरबॉक्स शाबूत होता, पण खारट दमट हवेने तळ पार खाल्लेला. चेसीला टोचा लावला की तो आरपार जाई.

म्हणजे कोणी जगावे, याचा निकाल हवेनेच दिला होता. तरी मालकांचा हात अडला. ते म्हणाले, "मिस्त्री, ही पण कुणाच्या तरी घरची असेल हो." मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी एकेक भाग काढून गोणपाटावर ओळीने मांडला आणि प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधली. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकचे सिलिंडर, उजव्या दाराची काच. डॅशबोर्डावर दोन स्क्रूंनी बसवलेला पितळी गणपती होता, त्याच्या कपाळावर जुन्या कुंकवाचा लाल कण अजून होता. तो आपल्या गाडीत बसवावा असे मुलांचे मत पडले. मिस्त्री म्हणाले, "त्यो तिचा हाय. तिच्यापाशीच ठिवा." पण तिच्यापाशी म्हणजे कुठे? तिचे आता पत्र्याचे कवचच उरले होते, आणि तेही दुसऱ्या दिवशी वजनावर जाणार होते.

पुढच्या वसंतात टोपोलिनो गोठ्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर आली. धूर काढीत, खोकत ती वेशीपर्यंत गेली आणि परत आली. गावातली म्हातारी माणसे ओट्यावर येऊन उभी राहिली. मालकांनी मला गाडीचा इतिहास लिहून मागितला. तो लागतोही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते आणि त्याला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र चेसी, काया आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. मी लेखणी घेऊन बसलो आणि थबकलो. ही गाडी मूळची म्हणायची का? काया इथली, काळीज तिथले. खोटे लिहावे तर इतिहासाचा मास्तर कसला, आणि खरे लिहावे तर मालकांच्या हौसेवर पाणी पडायचे.

मी खरे लिहिले. इंजिन दुसऱ्या गाडीचे आहे, तिचा चेसी क्रमांक अमुक, इंजिन क्रमांक अमुक, हे भाग तिचे. मालकांना कागद दाखवला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, व्हिंटेजचा नंबर मिळाला तर मिळाला. हे असंच राहू द्या." अर्ज अजून कचेरीत आहे.

आपण जतन करतो ते बहुधा चकाकणारे. चौमहल्ल्यातल्या पिवळ्या गाडीसमोर पाटी आहे. बंद पडलेल्या छप्पन्न गाड्यांसमोर नाही, आणि ज्यांच्या साऱ्यावर तो मोटारखाना पोसला गेला त्या आमच्या कुणब्यांसमोर तर मुळीच नाही. इतिहास शिकवताना मी राजांची नावे पाठ करून घेतो, परीक्षेत तीच विचारली जातात. त्या कागदापासून मी मुलांना आणखी एक प्रश्न घालू लागलो आहे: हे ज्याच्या जिवावर उभे राहिले, त्याचे नाव काय? मुले बहुधा ती जागा कोरी सोडतात. मी गुण कापत नाही. मलाही उत्तर क्वचितच येते.

यंदा पाडव्याला टोपोलिनोची पूजा आहे. तो पितळी गणपती मालकांच्या देवघरात आहे. त्या दिवशी तो बाहेर आणून गाडीशेजारी पाटावर ठेवायचा, असे घरातल्या मुलांनीच ठरवले आहे. दोन नारळ आणायला सांगितले आहेत.