सरड्याची धाव कुंपणापलीकडे

स्वारी म्हटलं की घोडदळ, तोफा, वेढे आठवतात. आज मी ज्या स्वारीची हकिगत सांगणार आहे, ती निघाली एका लहान मुलाच्या पायमोज्यातून!

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाचं शहर आहे. तिथं लॅझरस हे बडं व्यापारी घराणं. मोठमोठ्या दुकानांचे हे मालक. घराण्याचं वजन केवढं, तर १९३९ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'थँक्सगिव्हिंग'चा सण आठवडाभर अलीकडे ओढला, त्यामागे फ्रेड लॅझरस यांचा आग्रह होता. नाताळच्या खरेदीला लोकांना जास्त दिवस मिळावेत, हा हेतू. दुकानदारांसाठी दिवाळी आठ दिवस आधी, असंच म्हणा ना!

या कुटुंबातला दहा वर्षांचा एक मुलगा १९५१च्या सुमारास इटलीहून परतला. गार्डा सरोवराकाठचे दहाएक सरडे त्याने पायमोज्यात घालून कस्टमच्या नजरेआड आणले आणि घराच्या बागेत सोडले. पुढे कित्येक वर्षं लोकांना ही भाकडकथाच वाटे. पण मोठेपणी त्याने स्वतःच तिला दुजोरा दिला. जनुकांच्या तपासणीतूनही हेच निघालं, की सिनसिनाटीचे सरडे मूळ उत्तर इटलीतले आणि अगदी मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले आहेत.

मला नवल वाटतं ते त्यांच्या टिकण्याचं. हे सरडे वीतभर लांबीचे, भिंतीवर राहणारे. सिनसिनाटी वसलंय टेकड्यांवर. उतारावरची माती धरून ठेवायला जागोजागी दगडी बांध घातलेले. दिवसा दगडावर ऊन खायचं, मांजर दिसलं की फटीत शिरायचं आणि बर्फ पडू लागलं की त्याच फटीत खोल जाऊन हिवाळा काढायचा. माणसाने आपल्या सोयीसाठी बांधलेली भिंत सरड्याला आयता वाडाच झाली. रेल्वेमार्गाच्या खडीतून ते पुढे सरकले, हौशी लोकांनी उचलून आपापल्या बागेत नेले. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' हे आपण म्हणतो खरं, पण हे तर ओहायो नदीपलीकडे केंटकीतही पोचले.

शहराने मात्र त्यांना परकं मानलं नाही. लोक लाडाने त्यांना 'लॅझरस सरडे' म्हणतात. दुकानांवरची लॅझरस ही पाटी २००५ साली उतरली, सरड्यांनी मात्र नाव राखलं. लोकांचा हा जिव्हाळा मला समजतो. पण त्यामागे जितका त्या मुलाच्या गोष्टीचा गोडवा आहे, तितका सरड्यांचा नसावा.

कारण याच जातीचे सरडे कॅनडात व्हँकुव्हर बेटावरही आहेत. तिथं एक खाजगी प्राणिसंग्रहालय बंद झालं, तेव्हा डझनभर सरडे मोकळे सुटले. ही गोष्ट १९७०च्या आसपासची. आज व्हिक्टोरिया शहराच्या वस्त्यांत, बागांत, शेतमळ्यांत ते लाखोंनी आहेत. बेटावरच्या मूळच्या सरड्याचं आणि चिमुकल्या बेडकांचं काय होणार, ही तिथल्या अभ्यासकांची काळजी आहे. लोकांनी कुठं दिसले ते कळवावं, नव्या जागी नेऊ नयेत, एवढंच आता सांगता येतं. सगळे वेचून काढणं कुणाच्याही हातात राहिलेलं नाही.

आपल्याकडेही हौस वाढते आहे. काचेच्या पेटीत शोभणारं हिरव्या इग्वानाचं पिल्लू पाच फुटांवर गेलं, की ते घरात मावेनासं होतं. मग कुणाला तरी जवळचा तलाव आठवतो. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि उपद्रवी परक्या जातींवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पाठोपाठ २०२४चे नियम आले. त्यांनुसार इग्वाना पाळणाऱ्याला त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.