बारमाही वसंताचा चौक

भाऊबीजेला आमचे मामा न चुकता येतात. वय ब्याऐंशी, पण बहिणीने ओवाळल्याखेरीज त्यांची दिवाळी पुरी होत नाही. गेल्या वर्षी येताना त्यांनी एक जुनी पत्र्याची ट्रंक बरोबर आणली. ‘आता हे तुमच्या हवाली,’ असे म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. आत शेतकी विद्येची चारदोन पुस्तके, पिवळी पडलेली पत्रे, लोकरीचे हातमोजे आणि एक रंगीत चित्राचे पोस्टकार्ड होते.

कार्डावर एक भव्य चौक होता. उघड्या आभाळाखालचा नव्हे, छताखालचा. मध्यभागी सोनेरी धातूची उंच, सडसडीत झाडे, भोवती खरी, हिरवीगार झाडे, दोन मजल्यांवर दुकानांच्या रांगा, सरकते जिने, आणि बाकांवर निवांत बसलेली माणसे. पाठीमागे ‘साउथडेल, मिनेसोटा’ असे छापलेले.

“परदेशात मला सुख लागलं ते या ठिकाणी,” मामा म्हणाले.

मला हसू आले. मामांचा हात किती आखडता आहे ते आमच्या घरी सर्वांना ठाऊक! “मामा, तुम्हांला आणि दुकानात सुख?”

“अगं, घेत कुठं होतो मी काही! चार वर्षांत हे हातमोजे घेतले तेवढेच. मी तिथं बसायचो.”

मामा १९६६ साली मिनेसोटा विद्यापीठात शेतकी शिकायला गेले. तिथला हिवाळा म्हणजे शून्याखाली वीस-पंचवीस अंश. शनिवारी खोलीतल्या जोडीदाराच्या मोटारीतून ते साउथडेलला जात, बाकावर बसून घरची पत्रे वाचत आणि माणसांची ये-जा पाहत. ‘काय पाहिजे’ असे तिथे त्यांना कुणी विचारले नाही.

मामांचा हा ‘बसायचो’ शब्द माझ्या डोक्यातून जाईना. पुढे वाचत गेले तसे ध्यानात आले, की हा जिव्हाळा एकट्या मामांचा नाही. आज साठी-सत्तरी ओलांडलेले लाखो अमेरिकन या जुन्या मॉलच्या आठवणीने हळवे होतात. कारंज्याच्या तळाशी टाकलेली नाणी, नाताळात सांताक्लॉजला भेटण्यासाठी लावलेली रांग, न्यायला आई येईपर्यंत मैत्रिणींच्या गळ्यात गळा घालून घातलेल्या येरझारा! विकत काय घेतले ते फारसे कुणाला आठवत नाही; बसलो कुठे, भेटलो कुणाला, ते आठवते. ही ओढ कसली? त्याची कथा मोठी मौजेची आहे, आणि तितकीच खिन्न करणारी.

मुळात ‘मॉल’ हा शब्द दुकानांचा नव्हेच. सतराव्या शतकात लंडनमध्ये ‘पेल-मेल’ नावाचा चेंडूचा एक खेळ खेळत. तो खेळण्याच्या झाडीतल्या लांबट वाटेला ‘मॉल’ म्हणू लागले, आणि पुढे सावलीतून रमतगमत फिरण्याच्या कोणत्याही वाटेला तेच नाव पडले. म्हणजे या शब्दाच्या पोटात आधी फेरफटका आहे. बाजार मागाहून आला.

तो आणणारा मनुष्यही जन्माने अमेरिकन नव्हता. व्हिक्टर ग्रुएन १९०३ साली व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात जन्मला. शिक्षणाने वास्तुशिल्पी, आणि संध्याकाळी रंगभूमीवर राजकारण्यांची टर उडवणारा हौशी नट. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. नाझी सैनिकाचा वेष चढवलेल्या एका नाटकवाल्या मित्राने त्याला आणि त्याच्या बायकोला विमानतळावर पोहोचवले, असे सांगतात. न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात अवघे आठ डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हते.

व्हिएन्ना मात्र त्याच्या मनातून उतरली नाही. पायी हिंडण्याचे रस्ते, एका प्याला कॉफीवर तासन् तास बसू देणारी उपाहारगृहे, वाटेत अवचित भेटणारे स्नेही! त्याच्या नव्या देशात यातले काही दिसेना. तिथे मोटारींचे लोंढे होते, आणि रस्त्याच्या कडेला भडक पाट्या लावलेली, एकमेकांशी नाते नसलेली दुकाने होती.

आणि नेमक्या त्याच काळात अमेरिका शहर सोडून बाहेर चालली होती. लढाईवरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने घरासाठी सवलतीचे कर्ज मिळू लागले. शेतांच्या जागी एकसारख्या घरांच्या वसाहती उठल्या. १९५४ साली करांच्या कायद्यात एक बदल झाला. नव्या इमारतीची घट पहिल्या काही वर्षांतच मोठ्या प्रमाणात दाखवून कर वाचवण्याची मुभा मालकांना मिळाली. मग जुन्या पेठेची डागडुजी कोण करतो? पैसा गावाबाहेरच्या नव्या बांधकामाकडे धावला. १९५६ साली ४१,००० मैलांचे राजरस्ते बांधण्याचा कायदा झाला, आणि त्या खर्चातला ९० टक्के वाटा मध्यवर्ती सरकारने उचलला. घरे गेली, त्यांच्यामागून दुकाने गेली. राहिला तो चौक. नव्या वसाहतीतल्या बाईला जावे असे ठिकाणच उरले नव्हते.

ग्रुएनने नेमके हेच दुखणे ओळखले. मोटारी बाहेर ठेवा, माणसांना आत पायी फिरू द्या, दुकानांबरोबर बागा, कारंजी, शिल्पे द्या, असे त्याचे सांगणे. १९५४ साली डेट्रॉइटजवळ हडसन या बड्या पेढीसाठी त्याने ‘नॉर्थलँड’ उभारले. तिथले चौक उघड्यावर होते. मग ८ ऑक्टोबर १९५६ रोजी मिनीआपोलिसजवळच्या इडायना गावी ‘साउथडेल’ उघडले. डेटन या पेढीने त्यावर दोन कोटी डॉलर खर्चले. ७२ दुकाने, ५,२०० मोटारींचा तळ. आणि हिमवर्षाव असो की उन्हाळा, आत सदैव सुखाची हवा. सगळा बाजार एका छपराखाली घेऊन आतली हवा राखणारा हा अमेरिकेतला पहिला मॉल. एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या दोन बड्या पेढ्या इथे एका छताखाली नांदू लागल्या. मधल्या चौकाला त्यांनी नाव दिले ‘बारमाही वसंताचा चौक’. त्यात उष्ण प्रदेशातली झाडे होती, उंच पिंजऱ्यात पक्षी होते, आणि हॅरी बर्टोया या शिल्पकाराने घडवलेली ती सोनेरी झाडे होती, मामांच्या कार्डावरची.

वाचकहो, जरा विचार करा. घरादाराला पारखा झालेला एक निर्वासित हरवलेल्या शहराच्या आठवणीने एक चौक बांधतो. परमुलखात एकाकी पडलेला आमचा मामा त्याच चौकात बसून घरची पत्रे वाचतो. या मॉलसाठी आज जे झुरतात त्यांना कल्पनाही नसेल, की मॉल स्वतःच कुणाच्या तरी झुरण्यातून उभा राहिला होता.

ग्रुएनच्या आराखड्यात केवळ दुकाने नव्हती. भोवती राहती घरे, शाळा, दवाखाने, उद्यान आणि तळेसुद्धा होते. एक पुरे गावच त्याला वसवायचे होते. परंतु मॉल उठला आणि भोवतालच्या जमिनीचे भाव चढले. मग ज्याने त्याने आपापले पाहिले, आणि ते गाव बव्हंशी कागदावरच राहिले. फ्रँक लॉइड राइट हा थोर वास्तुशिल्पी त्याच वर्षी साउथडेल पाहायला आला. खेड्यातल्या रस्त्याचे सारे दोष इथे आहेत, गोडी तेवढी नाही, अशा अर्थाचे बोलून निघून गेला. म्हातारा फटकळ खरा, पण दृष्टी तीक्ष्ण.

कारण हे बियाणे पुढे ज्यांच्या हाती गेले त्यांना चौकाचे सोयरसुतक नव्हते. बागा आखडल्या, मोटारतळ वाढले. ठरवून आलेले गिऱ्हाईक आतल्या झगमगाटात भान हरपते, उद्देश विसरते आणि नुसते भटकत खरेदी करू लागते. या क्षणाला धंद्यातल्या लोकांनी नाव दिले ‘ग्रुएन ट्रान्स्फर’. माणसांना विसावा मिळावा म्हणून धडपडलेल्या माणसाचे नाव गिऱ्हाइकाला भुलवण्याच्या युक्तीला मिळाले!

आणि गावातल्या जुन्या पेठांचे काय झाले? डेट्रॉइटच्या भरवस्तीत हडसनचे प्रचंड दुकान होते. त्याच पेढीने गावाबाहेर नॉर्थलँड थाटले, आणि लेकीने आईचा घास घेतला. गावातले दुकान १९८३ साली मिटले; १९९८ साली सुरुंग लावून ती इमारत जमीनदोस्त केली. पुढे २०१५ साली नॉर्थलँडही बंद पडले. ओहायोतला ‘रँडल पार्क’ हा अवाढव्य मॉल १९७६ साली उघडला, २००९ साली मिटला, आणि २०१८ पासून त्या जागी अॅमेझॉनचे कोठार आहे. माल पूर्वीपेक्षा अधिक येतो-जातो. मात्र बसायला बाक नाही.

इथवर वाचले तेव्हा मला त्या झुरणाऱ्यांची कणव आली. पण पुढे जे हाती लागले, त्याने माझीच मान खाली गेली.

चौक सर्वांचा असतो. या चौकाला मालक होता. १९६८ साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलँडच्या लॉइड सेंटरमध्ये काही तरुण व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध पत्रके वाटत होते. त्यांना बाहेर काढले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७२ साली निकाल लागला, की जागा खासगी आहे, मालक मनाई करू शकतो. कुणी भाषण करावे, मोर्चा काढावा, सह्या गोळा कराव्यात, तर त्यासाठी खरा चौक हवा. तो तर ओस पडला होता.

दुसरी गोष्ट याहून कठीण. ज्या वसाहतींच्या जिवावर हे मॉल फोफावले, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी काळ्या माणसाला घर मिळत नसे. न्यूयॉर्कजवळच्या सुप्रसिद्ध लेव्हिटटाउनच्या करारपत्रांत सुरुवातीला तशी अटच लिहिलेली होती. गावातल्या पेठेत काळ्यांना अपमान सोसावा लागे हे खरे. पण तिथे त्यांना जाता येई, म्हणून झगडताही येई. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोला चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले, आणि त्या नुसत्या बसण्याने देश हलला. गावाबाहेरच्या मॉलला जायला मात्र मोटार लागे. दारावर पाटी लावण्याची गरजच नव्हती. अंतर हीच पाटी.

१९९५ च्या डिसेंबरात बफेलो शहराजवळ सतरा वर्षांची एक काळी मुलगी मॉलमध्ये कामाला निघाली होती. तिच्या वस्तीतून येणाऱ्या बसला मॉलच्या आवारात थांबा नव्हता. सात पदरी रस्त्यापलीकडे उतरून, बर्फाच्या ढिगांतून वाट काढत ती रस्ता ओलांडू लागली आणि मालमोटारीखाली सापडली. थोड्याच दिवसांत ती मरण पावली. पुढे कोर्टकज्जा झाला, बसला आत थांबा मिळाला. मुलगी गेली ती गेलीच. तिच्या वयाच्या मुली माझ्या वर्गात आहेत. तो मजकूर वाचला त्या दिवशी मला शाळेत शिकवणे जड गेले.

ग्रुएनने हे पुष्कळसे जिवंतपणीच पाहिले. तो व्हिएन्नाला परतला, तर १९७६ साली शहराच्या दक्षिणेला एक प्रचंड शॉपिंग सेंटर उभे राहिले आणि त्याच्या लाडक्या पेठांतल्या छोट्या दुकानदारांच्या पोटावर पाय आला. ज्या शहराची नक्कल घेऊन तो गेला होता, त्याच शहरावर ती नक्कल उलटली. १९७८ साली लंडनच्या एका भाषणात तो कडवटपणे म्हणाला, की ही अनौरस पोरे माझी नव्हेत, त्यांची पोटगी मी भरणार नाही. दोन वर्षांनी तो वारला. साउथडेल अजून चालू आहे. आणि गंमत अशी, की गेल्या दहाबारा वर्षांत त्याच्या मोटारतळाच्या कडेला राहत्या घरांच्या इमारती उठल्या आहेत. त्याचे कागदावरचे गाव अर्ध्या शतकानंतर थोडेसे खाली उतरले म्हणायचे!

हे सारे मामांना सांगावे की नाही, मला कळेना. म्हाताऱ्या माणसाच्या एका सुखाला कशाला नख लावा? पण मामा शास्त्राचे विद्यार्थी, खोटे त्यांना खपत नाही. पुढच्या भेटीत सांगितले. बफेलोच्या मुलीपाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ ते बोलले नाहीत.

मग म्हणाले, “माझ्या बाकाशेजारी काळं माणूस बसलेलं मला आठवत नाही. तेव्हा ध्यानातही आलं नाही बघ. मी परका असून मला कुणी हटकलं नाही, त्यातच मी खूश. आणि मोटार त्या जोडीदाराची होती. तो नसता तर मीसुद्धा कुठला तिथं पोहोचतोय?”

“मग मामा, ते सुख खोटं होतं का?”

“खोटं कसं? थंडी खरी होती, ऊबही खरी होती. ती सगळ्यांना मिळायला हवी होती, एवढंच.”

कार्ड त्यांनी पुन्हा एकदा निरखले आणि माझ्या हातात दिले. “वर्गात दाखव पोरांना. सोनेरी झाडं दाखव, पक्ष्यांचं सांग. पण बाहेरचा मोटारतळही सांग हो. तो यात आलेला नाही.”

मी कार्ड उलटसुलट करून पाहिले. खरेच, त्या चित्रात मोटारतळ कुठेच नव्हता.